नवी गाडी स्टार्ट करताना आवाज येतोय? आधी "केव्हा" ते पकडा

नवीन गाडीत आवाज आला की लोक दोनातलं एक करतात. एक तर घाबरून लगेच सर्व्हिस सेंटर गाठतात, तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम आणि आवाज गायब, सल्लागार बोनेट उघडून दोन मिनिटं ऐकतो आणि म्हणतो "भिया, गाड़ी तो एकदम ओके है". नाहीतर मग "नवीन आहे, होईल सेट" म्हणत वॉरंटीचा निम्मा काळ तसाच काढतात. दोन्हीत नुकसान आपलंच.

आवाज कसा आहे ते सगळेच सांगतात, घर्र, खर्र, टिकटिक, कुईंऽऽ वगैरे. पण तुमचं खर्र वेगळं आणि मेकॅनिकचं खर्र वेगळं, त्यामुळे त्यावरून फारसं काही ठरत नाही. आवाज नेमका केव्हा येतो आणि केव्हा थांबतो हे सांगता आलं तर मात्र अर्धं काम तिथेच झालं, कारण गाडी स्टार्ट होताना एकेक पार्ट ठरलेल्या क्रमाने जागा होतो आणि त्या त्या सेकंदाला आवाज करू शकणारे पार्ट मोजकेच असतात. खालचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय. पेट्रोल, डिझेल, सीएनजी तिन्हीसाठी, ईव्हीचं मध्ये थोडं येईल. जागांची नावं सगळी आपल्या इंदूरची.

कधी परत स्टार्टच करायची नाही

हे आधी, कारण इथे ऐकत बसणं महागात पडतं. स्टार्ट झाल्यावर डॅशबोर्डवर लाल रंगाची तेलाच्या बुधलीची खूण दोन-तीन सेकंदांत विझली नाही, तर लगेच बंद करा. खालून जड ठक-ठक-ठक येतंय आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की ते वाढतंय, बंद करा. इंजिन चालू झालं तरी स्टार्टरची किर्रर्र थांबतच नाही, म्हणजे स्टार्टर अडकून राहिलाय, बंद करा. जळका वास, रबरचा किंवा वायरचा, बंद करा. या चारही केसेसमध्ये "चालवत नेतो ना देवास नाक्यापर्यंत, किती लांब आहे" हा विचार सोडा आणि कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन लावा, नव्या गाडीवर तो बहुतेक वेळा फुकटच असतो आणि टो करून नेलं की कागदावर नोंदही होते.

बाकी सगळ्या आवाजांना तुमच्याकडे दोन-तीन दिवस आहेत. घाई नको.

गाडी थंड असतानाच ऐका

रात्री सपाट जागेवर गाडी लावा आणि सकाळपर्यंत हात लावू नका, निदान सात-आठ तास. म्हणजे तेल पूर्ण खाली ऑइल पॅनमध्ये उतरतं आणि इंजिन बाहेरच्या तापमानाला येतं. आपल्याकडे मे महिन्यात हा फरक फारसा कळत नाही पण डिसेंबर-जानेवारीत इंदूरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा बरोबर कळतो, तेल घट्ट होतं, बॅटरीचा दम कमी होतो, रबराचे भाग कडक होतात. ज्या गाड्या दिवाळीला घेतल्या त्यांच्या तक्रारी बहुतेक संक्रांतीच्या आसपास सुरू होतात त्याचं हेच कारण, गाडी तीच असते, थंडी नवीन असते.

स्टार्ट करण्याआधी रेडिओ बंद, एसीचा ब्लोअर बंद, चारही काचा खाली, हँडब्रेक वर, गियर न्यूट्रल किंवा पार्क. गॅरेज बंद असेल तर गाडी आदल्या रात्रीच बाहेर लावा, बंद जागेत इंजिन चालू ठेवून ऐकत बसू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मोबाइलवर व्हिडिओ काढा, नुसता ऑडिओ नको. पहिल्या सकाळी आतून, डॅशबोर्डवरचे दिवे आणि आरपीएमचा काटा दिसेल असा, दरवाजा उघडण्यापासून सुरू करून पूर्ण दोन मिनिटं. दुसऱ्या सकाळी घरातल्या कुणाला तरी स्टार्ट करायला सांगा आणि तुम्ही बोनेट उघडून समोर उभे राहा. तिसऱ्या सकाळी मागे सायलेन्सरपाशी. व्हिडिओच्या सुरुवातीला तारीख, वेळ, किती किलोमीटर झाले ते तोंडाने बोला, पुढे फार उपयोगी पडतं. तिन्ही एका सकाळी करायचा मोह होतो पण पहिल्या स्टार्टनंतर गाडी थंड राहिलेलीच नसते, त्यामुळे एका सकाळी एकच.

स्टार्टचे तुकडे पाडा

आता मुख्य काम. दरवाजा उघडण्यापासून पहिल्या ब्रेकपर्यंतचा वेळ तुकड्यांत बघायचा.

दरवाजा उघडल्या उघडल्या. एएमटी (मॅन्युअल गियरबॉक्सच, पण क्लच-गियरचं काम आपोआप होणारी) गाडी असेल तर ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की "झूंऽऽ" असा एक-दोन सेकंद आवाज येतो, तो गियरच्या हायड्रॉलिक पंपाचा, प्रेशर भरून ठेवतो. काही गाड्यांत टाकीतला पेट्रोल पंपसुद्धा दरवाजा उघडताच चालू होतो. दोन्ही नॉर्मल. एएमटीवाल्यांचे या आवाजासाठी इतके फोन येतात की शोरूमवाल्यांनी डिलिव्हरीच्या वेळी पेढ्याबरोबर हेही सांगायला हवं.

इग्निशन ऑन, पण स्टार्ट नाही. चावीची गाडी असेल तर चावी ऑनपर्यंत, बटणाची असेल तर ब्रेक-क्लच न दाबता बटण दाबायचं (काही गाड्यांत दोनदा). मागच्या सीटखालून दोन सेकंद गुणगुण येऊन थांबेल, तो पेट्रोल पंप. डॅशबोर्डच्या आतून टिक-टिक-टिक आली तर ती एसीच्या झडपांच्या छोट्या मोटारींची, त्या आपली जागा तपासतात. पण हीच टिकटिक वीस-तीस सेकंद चालूच राहिली तर त्या छोट्या मोटारीचा दात गेलाय, घातक नाही पण वॉरंटीत बदलून मिळतो. डिझेलमध्ये हीटरच्या रिलेची टक ऐकू येते. ईव्हीमध्ये या ठिकाणी खालून एक-दोन जोरात "टक" येतात, ते बॅटरीचे कॉन्टॅक्टर (विजेचे मोठे स्विच) जोडले जातात, आणि नंतर कूलंट पंपाची बारीक गुणगुण. ईव्हीचा विषय जवळजवळ इथेच संपतो, तुम्ही थेट खाली "इंजिनाचा नसलेला आवाज" वाचा.

स्टार्टर फिरतो तो अर्धा-एक सेकंद. इथे चार प्रकार ओळखायला शिका. नुसती एक "टक" आणि पुढे शांतता. भराभर टक-टक-टक-टक. मोटार फिरल्याची झूंऽऽ पण इंजिन फिरत नाही. आणि धातूवर धातू घासल्याचा खर्रर्र. भराभर टकटक म्हणजे जवळजवळ नेहमीच बॅटरी कमजोर किंवा तिचं टर्मिनल ढिलं. नव्या गाडीत हे कसं, असं वाटेल, पण गाडी कंपनीतून निघून यार्डात कित्येक महिने उभी असू शकते, आरसीवर मॅन्युफॅक्चरिंगचा महिना लिहिलेला असतो तो बघा, आणि शिवाय अ‍ॅक्सेसरीवाल्याने हॉर्न नाहीतर डॅशकॅम लावताना टर्मिनल काढून परत नीट आवळलेलं नसतं. एकच टक आली तर आधी बॅटरी आणि टर्मिनलच बघायचं, ते ठीक निघालं तर स्टार्टरचा सोलेनॉइड (मोटारीला वीज जोडणारा स्विच) किंवा मोटार. नुसती झूं म्हणजे स्टार्टरचा पिनियन (छोटा दातेरी गियर) फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकाला) पकडत नाहीये. खर्रर्र म्हणजे पिनियन आणि फ्लायव्हीलचे दात नीट बसत नाहीयेत आणि हे वरचेवर होत असेल तर थांबू नका, स्टार्टर स्वस्तातला पार्ट आहे पण फ्लायव्हीलचे दात खराब झाले तर गियरबॉक्स उतरवावा लागतो.

एक खर्र मात्र आपणच करतो. हल्लीची पेट्रोल इंजिनं इतकी शांत असतात की पलासियाच्या सिग्नलवर गाडी चालूच आहे हे लक्षात येत नाही, माणूस परत चावी फिरवतो आणि खर्रर्र. बटणाच्या गाडीत कॉम्प्युटर हे होऊ देत नाही, चावीच्या काही गाड्यांत होतं. कधीतरी झालं तर काही बिघडत नाही.

इंजिनाने पकड घेतल्यापासूनचे पहिले दोन-तीन सेकंद. खऱ्या तक्रारी सगळ्यात जास्त इथल्याच असतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. रात्रभरात तेल खाली उतरलेलं असतं, ते परत वर चढून प्रेशर बनेपर्यंत थोडा वेळ लागतो. टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारी साखळी) घट्ट धरून ठेवणारा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत तेलाच्या प्रेशरवरच चालतो, प्रेशर नाही तोवर चेन किंचित सैल, आणि मग इंजिनाच्या एका बाजूने, जिकडे बेल्ट असतो त्या बाजूने, "खडखडखड" येऊन बंद. एखाद सेकंद, कधीतरी, कडाक्याच्या थंडीत, चालतं. रोज सकाळी दोन-तीन सेकंद यायला लागलं तर ते नॉर्मल नाही, टेन्शनर नाहीतर व्हीव्हीटीचा (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) गियर तपासायलाच हवा. आणि हा आवाज पहिल्या सर्व्हिसनंतर सुरू झाला असेल तर संशय आधी ऑइल फिल्टरवर घ्या. चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते जी रात्रभर तेल धरून ठेवते, फिल्टर हलका असला की तेल उतरून जातं आणि सकाळी चेन कोरडी. दुसरा संशय तेलाच्या ग्रेडवर. हल्लीच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना झिरो-डब्ल्यू-सिक्स्टीन किंवा झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी असं पातळ तेल लागतं, त्यात कुणी "जाड तेल म्हणजे इंजिनाला ताकद" म्हणून भलतंच ओतलं तर थंडीत ते वर चढायला वेळ घेणारच. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, बिलावर ग्रेड बघून.

वरून, म्हणजे बोनेट उघडल्यावर अगदी डोक्याशी, भराभर टिकटिकटिक असेल तर दोन शक्यता. इंजेक्टरची टिकटिक, ती सारख्या लयीत असते, गरम झाल्यावरही राहते, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलला तर चांगलीच मोठी असते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. दुसरी व्हॉल्व्हच्या लिफ्टरची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या छोट्या दट्ट्याची), ती थंडीत मोठी आणि तेल चढलं की मिनिटाभरात कमी होत जाते. कमी झालीच नाही तर तेलाची पातळी आधी बघायची.

तिसरी एक फसवी टिकटिक असते, किंचित "फुट-फुट" छटा असलेली, अ‍ॅक्सिलरेटरला वाढणारी आणि गरम झाल्यावर नाहीशी होणारी. ती एक्झॉस्टच्या जोडावरच्या लीकची असू शकते, गरम झाल्यावर धातू फुगतो आणि फट बुजते. लिफ्टर समजून लोक तेल बदलत बसतात.

पुढचा एक-दीड मिनिट. आरपीएम १२०० ते १५०० च्या आसपास, इंजिन नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडतंय, सायलेन्सरचा आवाजही भरदार, आणि मग हळूहळू ७००-८५० वर येऊन शांत. ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकतो आणि ही तक्रार नाहीच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५०-३०० डिग्री तापल्याशिवाय धूर नीट साफ करत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर मुद्दाम इंजिन जास्त फिरवून तो तापवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम लागू झाला तेव्हापासून हे जास्त जाणवतं, जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर आलेल्या माणसाला तर हमखास. याच वेळात बेल्टची "कुईंऽऽ" आली तर मात्र लक्ष द्या. पावसाळ्यात किंवा धुतल्यानंतरच्या सकाळी दोन सेकंद येऊन गेली तर ओलावा. रोज कोरड्यात येते, एसी किंवा हेडलाइट लावल्यावर वाढते, तर बेल्टचा ताण नाहीतर पुलीचं बेअरिंग. बेल्टवर साबण, पावडर, स्प्रे असलं काही लावू नका, आवाज दोन दिवस जातो आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते.

तीन सिलेंडरचं वेगळं सांगायला हवं. चार सिलेंडरची जुनी गाडी दहा-बारा वर्षं चालवलेल्या माणसाने तीन सिलेंडरची नवीन घेतली की स्टार्टला आणि बंद करताना जो झटका बसतो आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) जी घरघर येते ती त्याला बिघाडच वाटते. ती तशीच असते. खात्री करायला एकच उपाय, त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची दुसरी गाडी सकाळी थंड असताना ऐका. आपल्या लोकमान्य नगर, राजेंद्र नगरात एखाद्या गल्लीत तीच गाडी दुसऱ्या कुणाकडे असतेच, ओळख काढा, चहाला जा, सकाळीच जा.

निघाल्यावर पहिले शंभर मीटर. गाडीने १०-२० चा स्पीड पकडला की एकदा खालून "घुर्रक" येतं, ते एबीएस स्वतःला तपासतं, प्रत्येक स्टार्टनंतर एकदाच. पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते, रात्रभरात डिस्कवर चढलेला गंज निघतो. खरखर पुढेही राहिली आणि सतत बारीक किंचाळल्यासारखी असली तर चाकाच्या आत डिस्क आणि पत्र्याच्या मध्ये खडा अडकलाय, गाडी जरा मागे-पुढे केली की बऱ्याचदा आपोआप पडतो.

आणि शेवटचा तुकडा गाडी बंद करण्याचा, जो कुणीच ऐकत नाही. इंजिन स्टार्ट होताना आणि बंद होताना रबरी माउंटिंगवर (ज्या आधारांवर ते बसवलेलं असतं त्यांवर) जोरात हलतं, मधल्या वेळात तितकं हलत नाही. म्हणून जो आवाज स्टार्टला येतो आणि बंद करतानाही येतो तो बहुधा इंजिनाच्या आतला नसतोच, काहीतरी कशाला तरी लागतंय. हे एक सूत्र लक्षात ठेवलंत तरी बरंच भागेल. आमच्या शेजारच्या काकांच्या नव्या गाडीचं असंच होतं. रोज सकाळी "टर्रर्र", सर्व्हिस सेंटरला दोनदा जाऊन आले, "नॉर्मल है". मी म्हटलं काका, तुम्ही फक्त बंद करा आणि मी बाहेर उभा राहतो. बंद करताना परत तेच टर्र, जरा लहान. इंजिन पूर्ण गार असताना खाली टॉर्च मारला तर अ‍ॅक्सेसरीवाल्याने इंजिनाखाली लावलेली लोखंडी प्लेट, तिच्या मागच्या कडेला बोटाच्या पेराएवढी जागा काळा पेंट जाऊन चकचकीत झालेली, आणि बरोबर तिच्यावर सायलेन्सरच्या पाइपावर तसाच चकचकीत डाग. मध्ये नखही जाणार नाही इतकी फट. प्लेटचे चार बोल्ट, दोन जाड वॉशर, संपला विषय. काका म्हणाले, "अरे, मी तर इंजिन बदलून मागणार होतो!"

असा चकचकीत घासलेला डाग शोधणं हे आवाज शोधण्यापेक्षा सोपं असतं कित्येकदा. नवीन गाडीत तर जास्तच, कारण बाकी सगळं अजून काळं आणि कोरं असतं. सायलेन्सरवरचा उष्णतेचा पत्रा ढिला असेल, इंजिनाखालचं प्लास्टिक कव्हर सर्व्हिसनंतर एका क्लिपवर लटकत असेल, सगळे याच वर्गातले. बंद केल्यावर काही मिनिटं खालून "टिंक... टिंक" येते ती मात्र पाइप गार होतानाची, ती सोडा.

एका वेळी एकच गोष्ट बदला

आवाज कोणत्या तुकड्यात आहे ते कळलं की आता छेडून बघायचं. एसी चालू-बंद करा, आवाज बदलला तर कॉम्प्रेसर किंवा बेल्टकडे जा. मॅन्युअल गाडीत क्लच दाबून स्टार्ट करावी लागते, म्हणून न्यूट्रलमध्ये स्टार्ट झाल्यावर क्लच हळूच सोडा. दाबलेला असताना आवाज आणि सोडल्यावर गायब, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. उलट, सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर गायब, तर गियरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. ही टेस्ट फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे आणि तरी कुणी करत नाही, "इंजिनातून येतोय" असंच सगळे सांगतात. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक पक्का दाबून डी आणि आरमध्ये टाकून बघा, "धप्प" वाढली तर माउंटिंग. मग गाडी गरम झाल्यावर बंद करून दहा मिनिटांनी परत स्टार्ट करा, तेव्हाही आवाज असेल तर चला, सुटलात, कारण तो सर्व्हिस सेंटरलाही ऐकू येईल.

सीएनजीवाल्यांनी अजून एक करायचं, गाडी पेट्रोलवर स्टार्ट होऊन थोड्या वेळाने गॅसवर जाते तेव्हा व्हॉल्व्हची टक आणि नंतर गॅस इंजेक्टरची जास्त मोठी टिकटिक येते. आवाज फक्त गॅसवर आहे की पेट्रोलवरही, हे स्विच बदलून नोंदवा.

जागा शोधायला डॉक्टरांच्या नळीची गरज नाही, हातभर लांब रबरी पाइपचा तुकडा पुरतो, एक टोक कानाशी आणि दुसरं टोक बेल्टपासून लांब ठेवून इंजिनाच्या वेगवेगळ्या भागांजवळ. ओढणी, मफलर, सैल बाही, गळ्यातली चेन, काहीही लोंबतं नको. आणि रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू शकतो, बोटं तिकडे नेऊच नका. हे जमत नसेल तर ही पायरी सोडून द्या, व्हिडिओ पुरेसे आहेत.

बॅटरी आणि तेल, दोन मिनिटांचं काम

साधा मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत येतो, सियागंजात तर घासाघीस करून अजून कमी. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवेल तर फुल. १२.४ ठीक. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी, चार्ज करून परत तपासायला लावा. स्टार्टर फिरताना आकडा साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना बहुतेक वेळा १३.५ ते १४.७ दिसतो, पण स्मार्ट चार्जिंगच्या नव्या गाड्यांत तो मध्येच खाली येतो, लगेच अल्टरनेटर गेला म्हणू नका.

तेल सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, डिपस्टिक एकदा पुसून परत घालून. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. कमी असेल तर स्वतः ओतू नका, आधी फोटो काढा, नवीन गाडीत तेल कमी होणं हीच एक तक्रार आहे.

इंजिनाचा नसलेला आवाज

ब्लोअर चालू केल्यावर "फर्रफर्र" आली तर ग्लोव्हबॉक्सच्या मागे पाला गेलाय. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पान गाळतो तेव्हा झाडाखाली लावलेल्या गाड्यांना ठरलेलं. काचेखालच्या जाळीतला पाला रोज हाताने काढायचा. केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्स खाली सोडून पाच मिनिटांत निघतो.

आणि उंदीर. २०१७ पासून कित्येक वर्षं सलग स्वच्छतेत पहिला नंबर काढलेलं शहर आहे आपलं पण ते उंदरांना कुणी कळवलेलं नाही. ते इंजिनावरच्या जाड फोममध्ये घर करतात, वायरी कुरतडतात, मग गाडी एक सिलेंडर कमी पडल्यासारखी उडत्या-बसत्या लयीत चालते, थरथरते, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. बोनेट उघडल्यावर लेंड्या, फोमचा चुरा, शेंगांची टरफलं दिसली तर स्टार्ट न करता आधी फोटो, कारण उंदराचं नुकसान साधारणपणे वॉरंटीत बसत नाही, इन्शुरन्सकडे जावं लागतं आणि तिथे फोटो मागतात.

उरलेलं पटकन बघून घ्या: डिकीतला जॅक आणि पाना, सीटखाली गडगडणारी बाटली, नंबरप्लेटच्या मागे सैल लॉक. हसू नका, नंबरप्लेटचा आवाज बंद काचेतून अगदी टायमिंग चेनसारखा येतो.

सर्व्हिस सेंटरला काय सांगायचं, काय लिहून घ्यायचं

इंदूरजवळच्या पीथमपुरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड टेस्ट ट्रॅक आहे, २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, गाड्यांच्या चाचण्या तिथे होतात. पण तुमच्या पार्किंगमधला सकाळी सात वाजताचा आवाज ऐकायला तिकडून कुणी येणार नाही, तो तुम्हालाच नेऊन ऐकवायचा आहे. म्हणून संध्याकाळी गाडी नेऊन द्या आणि स्पष्ट सांगा, रात्रभर उभी ठेवा, सकाळी माझ्यासमोर पहिला स्टार्ट करा, मी येतोय. सकाळी आल्याबरोबर बोनेटवर हात ठेवून बघा, कोमट लागलं तर कुणीतरी आधीच हलवलीय, तेव्हा तिथेच दुसरा दिवस मागा.

जॉब कार्डवर (गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार लिहितं तो कागद) "आवाज चेक करणे" असं लिहू देऊ नका, असं लिहिलं की चेक केला, ओके, बंद. तुमच्या शब्दांत लिहायला लावा: "सात तास उभी राहिल्यानंतर पहिल्या स्टार्टला, इंजिन चालू होताच दोन-तीन सेकंद, बेल्टच्या बाजूने खडखड. गरम असताना नाही. बंद करताना नाही. एसीने फरक नाही." याच्यापुढे सल्लागाराला हात झटकणं कठीण जातं. व्हिडिओ त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि कंपनीच्या कस्टमर केअरच्या ईमेलवरही, म्हणजे तारखेसकट नोंद राहते.

"नॉर्मल है" म्हणाले तर वाद घालू नका, त्यांच्याच डेमो गाडीचा थंड स्टार्ट मागा, दोन्ही शेजारी लावून. नॉर्मल असेल तर तुम्हालाच कळेल आणि तुम्ही घरी याल. नसेल तर त्यालाही ऐकू येईल. तरी ऐकत नसतील तर एरिया सर्व्हिस मॅनेजरसमोर तपासणीची तारीख लेखी मागा. त्याच्याही पुढे जायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्ह्यातच चालते. पण खरं सांगायचं तर जॉब कार्ड नीट लिहिलेलं असेल तर इथपर्यंत सहसा जावं लागत नाही.

मधल्या काळात बाहेरच्या गॅरेजात, कितीही जुना उस्ताद असो, काही खोलू देऊ नका. ऐकवायला हरकत नाही, त्यांचे कान आपल्यापेक्षा तयार असतात, पण पाना लागला की वॉरंटीवाले त्याच्याकडेच बोट दाखवणार. अ‍ॅक्सेसरीची वायर कापून जोडलेली असेल तर तीही आधी दाखवून टाका.

पार्ट बदलला तर जुना पार्ट बघायला मागा, बिलावर नव्याचा पार्ट नंबर आलाय का बघा, आणि गाडी घरी आणल्यावर त्याच जागेवर, तेवढेच तास उभी ठेवून, तसाच दोन मिनिटांचा व्हिडिओ परत काढा. दोन्ही व्हिडिओ एकामागोमाग लावून ऐका. आवाज गेला नसेल तर त्याच आठवड्यात, त्याच जॉब कार्डचा नंबर सांगून गाडी परत न्यायची, नवीन तक्रार म्हणून नाही.